सल्ला सदर: नगररचनेत पीएचडी करायची आहे, प्राध्यापकांचे ‘रिसर्च इंटरेस्ट’ वाचायचे कसे?

पत्र

“सिव्हिल इंजिनिअरिंगनंतर मी एम.प्लॅन. (नगररचनेतली पदव्युत्तर पदवी) केलं. तीन वर्षं पुण्यातल्या एका खासगी सल्लागार कंपनीत विकास योजनांची कामं करते आहे. लहान नगरपरिषदांच्या आराखड्यात शाळा, मैदान, बाग, भाजी मंडई यांसाठी जागा आरक्षित होतात आणि वर्षानुवर्षं कागदावरच राहतात. त्या का राहतात, यावर पीएचडी करायची आहे. सात-आठ संस्थांच्या वेबसाइटवर प्राध्यापकांची पानं वाचली. बहुतेकांच्या नावापुढे शाश्वत विकास, स्मार्ट सिटी, सर्वसमावेशक शहरं, जीआयएस (संगणकीय नकाशे), हवामान बदल हेच शब्द. आरक्षण हा शब्द एकाच्याही पानावर नाही. मग गाइड कोणाला करू? की विषयच बदलू? आणि नोकरी सोडावी लागेल का?”
— एक वाचक, कराड

उत्तर

विषय बदलू नका. तुमचा प्रश्न पक्का आहे, त्याच्यामागे कायदा आहे आणि त्याचे कागद राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या दप्तरात आहेत. अडचण वेबसाइटवरच्या त्या यादीची आहे. संस्थेची वेबसाइट नवी होताना किंवा नॅकची पाहणी जवळ आली की ती भरून दिली जाते आणि पुढे तशीच राहते. ती वाचून माणूस काय शिकवतो, कशावर काम करतो, हे कळत नाही. त्यासाठी दुसरीकडे पाहावं लागतं.

हे शब्द सगळीकडे सारखे का दिसतात, ते आधी सांगतो. नगररचनेतल्या संशोधनाचा पैसा बराचसा सरकारी योजनांच्या मागून येतो. डिसेंबर २००५ मध्ये जेएनएनयूआरएम, म्हणजे केंद्राचं शहरी नूतनीकरण अभियान, आलं, तेव्हा सगळीकडे ‘अर्बन रिफॉर्म’ आणि ‘गव्हर्नन्स’ होतं. जून २०१५ मध्ये स्मार्ट सिटी आणि अमृत (शहरांच्या पाणी-सांडपाण्याची योजना) आलं आणि शब्द बदलले. स्मार्ट सिटी अभियान मार्च २०२५ अखेर संपलं, पण पानांवर शब्द राहिला. आता ‘क्लायमेट रेझिलिअन्स’चे दिवस आहेत. यात प्राध्यापकांचा दोष नाही. ज्या शीर्षकाखाली निधी मिळतो, त्या शीर्षकाखाली अर्ज करावा लागतो. म्हणून तुम्ही शब्द बाजूला ठेवा आणि शीर्षकं बदलत गेली तरी त्या माणसाचा प्रश्न तोच राहिला का, एवढं बघा.

समजा, एखाद्या प्राध्यापिकेचा २००८ चा लेख नागरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द होण्यावर आहे (जेएनएनयूआरएमच्या अटींपैकी ती एक होती, महाराष्ट्राने तो कायदा २००७ च्या अखेरीस रद्द केला). २०१७ चा लेख स्मार्ट सिटीतल्या क्षेत्राधारित विकासावर आहे आणि २०२२ चा टीडीआरवर (जमिनीच्या बदल्यात मालकाला मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क). वरवर तीन विषय दिसतात, पण तिन्हींत प्रश्न एकच आहे: सार्वजनिक कामासाठी शहराला जमीन मिळते कशी? ही तुमच्या कामाची गाइड, मग तिच्या पानावर ‘आरक्षण’ हा शब्द असो वा नसो. उलट, एखाद्याचे लेख एकदा वाहतुकीचा आवाज, एकदा घनकचरा, एकदा वारसा वास्तू असे फिरत असतील आणि प्रत्येक ठिकाणी तीच प्रश्नावली आणि तेच संख्याशास्त्रीय तंत्र असेल, तर त्यांची खरी आवड ते तंत्र आहे. त्यांच्या हाताखाली तुमच्या प्रश्नाला त्या तंत्राच्या मापाचं व्हावं लागेल.

शोधताना शब्दही बदला. संशोधनाच्या जगात तुमचा विषय दुसऱ्या नावांनी वावरतो: लँड ॲक्विझिशन, टीडीआर, लँड रीॲडजस्टमेंट, लँड व्हॅल्यू कॅप्चर, प्रॉपर्टी राइट्स, प्लॅन इम्प्लिमेंटेशन, म्युनिसिपल फायनान्स. विद्वान पोर्टल (भारतातल्या संशोधकांची सूची) आणि गूगल स्कॉलरवर ही नावं भारतातल्या संस्थांसोबत टाकून बघा. शेवटच्या पाच-सहा वर्षांचंच धरा. आणि लेखकांच्या यादीत त्या व्यक्तीचं नाव कुठे आहे, तेही बघा. दहा लेखांपैकी नऊ विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून काढलेले आणि प्रत्येकाचा विषय वेगळा असेल, तर त्यावरून गाइडची स्वतःची दिशा समजणार नाही.

यानंतर प्राध्यापकाचं पान खालून वर वाचा. पीएचडीचे चालू विद्यार्थी किती, हे आधी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. जागा भरलेल्या असतील तर कितीही जुळणारा विषय असला तरी उपयोग नाही. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ राहिला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही, हाही त्याच नियमांचा भाग. ॲडजंक्ट, म्हणजे बाहेरचे पाहुणे प्राध्यापक, म्हणून येणारे निवृत्त नगररचनाकार विषयात कितीही मुरलेले असले तरी मुख्य गाइड होऊ शकत नाहीत, सहमार्गदर्शक होऊ शकतात. तुमच्या विषयात अशा माणसाची फार गरज आहे, तेव्हा हे लक्षात ठेवा. आयआयटींचे नियम त्यांचे स्वतःचे असतात, ते वेगळे तपासा.

मग प्रकल्पांची यादी. त्यात ‘स्पॉन्सर्ड रिसर्च’ आणि ‘कन्सल्टन्सी’ असे दोन रकाने असतात आणि ते एकत्र वाचले की फसगत होते. कन्सल्टन्सी म्हणजे एखाद्या महापालिकेची विकास योजना, वाहतूक सर्वेक्षण, डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल). तिथून अधिकाऱ्यांच्या ओळखी मिळतात, पण माहिती ग्राहकाची असते आणि ती छापायला परवानगी लागते. स्पॉन्सर्ड रिसर्चमधली माहिती बहुधा प्रबंधात वापरता येते, कधी त्यातून फेलोशिपही निघते. ज्यांच्याकडे फक्त कन्सल्टन्सी आहे, त्यांचे विद्यार्थी प्रबंध बाजूला ठेवून अहवालांची कामं करत बसतात, हा धोका खरा आहे. तुम्ही तीन वर्षं तेच काम केलं आहे, पुन्हा त्यातच अडकायला नको.

सगळ्यात जास्त वेळ शोधगंगेवर घालवा. इन्फ्लिबनेटच्या या पीएचडी प्रबंधांच्या संग्रहात गाइडच्या नावाने शोधता येतं. तिथे नसेल तर संस्थेच्या ग्रंथालयाची डिजिटल रिपॉझिटरी बघा. त्या गाइडखाली झालेले दोन-तीन प्रबंध उतरवून घ्या. सगळे वाचायची गरज नाही. आधी ऋणनिर्देश वाचा: कोणत्या कार्यालयांनी माहिती दिली, त्यांची नावं तिथे असतात. नगररचना विभागाचं शाखा कार्यालय, भूमी अभिलेख, नगरपरिषदेचे मुख्याधिकारी अशी नावं दिसली, तर या गाइडचे विद्यार्थी दप्तरापर्यंत पोहोचतात, हे नक्की. मग पद्धतीचं प्रकरण आणि परिशिष्टं उघडा. परिशिष्टात नुसती शंभर-दोनशे लोकांना वाटलेली ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ अशी प्रश्नावली असेल, तर तुमच्या कामाला ती परंपरा उपयोगाची नाही. आरक्षण का रखडलं, हे लोकांच्या समाधानाच्या गुणांकावरून कळत नाही. शेवटी नोंदणीचं वर्ष आणि पदवीचं वर्ष यांतलं अंतर बघा. यूजीसीच्या नियमात किमान ३ आणि साधारण कमाल ६ वर्षं आहेत. प्रत्येकाला सातवं-आठवं वर्ष लागलं असेल तर कारण विचारायला हवं.

अध्यापनाचं काय, असं तुम्हाला वाटेल. गाइड काय शिकवतात, हे पीएचडीलाही तितकंच लागू आहे आणि बहुतेक जण ते सोडून देतात. नगररचनेच्या शिक्षणाचा कणा स्टुडिओ आहे, म्हणजे एखादं खरं शहर घेऊन विद्यार्थ्यांनी त्याचा आराखडा करण्याचा वर्ग. व्याख्यानाचे विषय वाटून येतात. प्लॅनिंग थिअरी किंवा जीआयएस कोणीतरी शिकवायचंच असतं. स्टुडिओसाठी मात्र शहर कोणतं निवडलं, विद्यार्थ्यांना कुठल्या कार्यालयात पाठवलं, शेवटी त्यांच्याकडून काय मागितलं, हे शिक्षक ठरवतो. विभागाच्या स्टुडिओचे अहवाल ग्रंथालयात असतात, काही संस्था ते वेबसाइटवरही ठेवतात. त्यात सगळा भर रंगीत प्रस्तावित नकाशावर आहे, की पैसा कुठून येईल, जमीन कशी मिळेल, कोणत्या कलमाखाली मिळेल यावरही एखादं प्रकरण आहे? दुसऱ्या प्रकारचा स्टुडिओ चालवणारी व्यक्ती तुमचा प्रश्न पहिल्या भेटीत समजेल. शिवाय अभ्यासक्रमाची वाचनयादी मागा. महाराष्ट्रातल्या संस्थेत विकास नियंत्रण शिकवताना यादीत २०२० ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, नसेल आणि सगळं केंद्राच्या यूआरडीपीएफआय या आराखडे करण्याच्या मार्गदर्शिकेवर थांबत असेल, तर शिक्षकाचा इथल्या कामाशी संबंध सैल झालेला आहे.

संस्था कोणत्या? नागपूरचं व्हीएनआयटी, पुण्याचं सीओईपी, आयआयटी मुंबईचं शहरविषयक केंद्र, दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याची एसपीए (नियोजन व वास्तुकला विद्यालयं), खरगपूर आणि रुरकीच्या आयआयटी ही नावं तुम्ही पाहिली असणारच. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाकडे तुमच्या विषयासाठी मुद्दाम बघा. गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्हींच्या नगररचना कायद्याचं मूळ १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात आहे. पुढे गुजरातने नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम, नेटाने चालवली: सगळ्यांच्या जमिनी एकत्र घ्यायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या आणि उरलेले अंतिम भूखंड मालकांना परत द्यायचे. महाराष्ट्रात मुख्य भर जमीन आरक्षित करून नंतर संपादित करण्यावर राहिला, जरी आपल्या १९६६ च्या कायद्यातही टीपी स्कीमची तरतूद आहे. या दोन वाटांचा फरक जाणणारा गाइड तुमच्या प्रबंधाला मोठी खोली देईल.

आणि नगररचना विभागाबाहेरही बघा. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग उघडला, तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस होते, म्हणजे आधी पाहणी मग आराखडा असा आग्रह धरणारा नगररचनाकार. इंदूर आणि बडोद्यावरचे त्यांचे अहवाल त्याच दशकातले. शहराच्या जमिनीचा अभ्यास भूगोल, अर्थशास्त्र, विधी या विभागांत किंवा टाटा समाजविज्ञान संस्थेतही होतो. फक्त एक खबरदारी घ्या: पुढे नगररचना विभागातच शिकवायचं असेल, तर प्राध्यापक भरतीच्या जुन्या जाहिराती काढून पीएचडी कोणत्या विद्याशाखेची मागतात ते आधी वाचा. बाहेरच्या विभागात नोंदणी केल्यावर हे कळलं तर उपाय नसतो.

आता तुमच्या बाजूचं काम. गाइडला लिहिण्याआधी तुमची आवड प्रश्नात उतरवा. “आरक्षणांची अंमलबजावणी” हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्न असा: पहिल्या मंजूर विकास योजनेतली आरक्षणं दुसऱ्या, सुधारित योजनेपर्यंत पोहोचताना त्यांचं काय झालं, आणि जी मिळाली ती कशामुळे मिळाली? महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे योजना किमान २० वर्षांतून एकदा सुधारायची असते, त्यामुळे दोन योजनांमधला काळ तुम्हाला आपसूक मिळतो. प्रत्येक आरक्षणाची एक ओळ करा: आरक्षण क्रमांक, हेतू, सर्व्हे किंवा गट नंबर, क्षेत्र, समुचित प्राधिकरण (जागा घेऊन विकसित करायची जबाबदारी ज्याची ते), मालकी सरकारी की खासगी. मग निकाल: संपादन होऊन विकसित, संपादन होऊन रिकामं, टीडीआर देऊन मिळालेलं, समावेशक आरक्षणातून (मालक काही भाग सोयीसाठी देतो आणि उरलेला स्वतः वापरतो) आलेलं, कलम ३७ च्या फेरबदलाने वगळलेलं, कलम १२७ खाली व्यपगत (मुदतीत जागा न घेतल्याने आरक्षण रद्द), किंवा जसंच्या तसं पुढच्या योजनेत.

इथे काम बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली तारखेची. योजना बहुधा एका दिवसात मंजूर होत नाही. कलम ३१ खाली शासन मोठा भाग मंजूर करतं आणि सारभूत फेरबदल सुचवलेला भाग वगळून ठेवतं. हा ‘ईपी’ (एक्सक्लुडेड पार्ट, वगळलेला भाग) नंतर वेगळ्या अधिसूचनेने मंजूर होतो. कलम १२७ ची १० वर्षं अंतिम योजना अमलात आल्यापासून मोजतात, म्हणून ईपीतल्या आरक्षणांना मुख्य योजनेची तारीख लावली की सगळं गणित चुकतं. त्याच कलमात मालकाने खरेदी सूचना (‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस) दिल्यावर प्राधिकरणाला मिळणारी मुदत आज २४ महिने आहे, २०१५ च्या दुरुस्तीपूर्वी ती १२ महिने होती. जुन्या आणि नव्या सूचना एका पट्टीने मोजू नका. व्यपगत झाल्याचे आदेश राजपत्रात येतात, तिथून मोजदाद सुरू करता येते, पण कोर्टात गेलेली प्रकरणं स्वतंत्र शोधावी लागतात.

दुसरी जागा नंबरांची. पहिल्या योजनेत सर्व्हे नंबर असतो. पुढे सिटी सर्व्हे होतो, मिळकत पत्रिकेवर सीटीएस नंबर येतो, मधल्या काळात पोटहिस्से पडतात. ही जुळवणी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातच होते आणि तिला महिने लागतात, आठवडे नाही.

तिसरी नकाशाची. जुन्या योजनेचा छापील नकाशा स्कॅन करून जीआयएसमध्ये बसवाल, तेव्हा १:४००० प्रमाणावर कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ४ मीटर. घड्या पडलेल्या कागदावर २ मिलिमीटरची चूक सहज होते, म्हणजे ८ मीटर. २० गुंठ्यांचं मैदान धरा, साधारण ४५ मीटर बाय ४५ मीटर. ते एका बाजूला ८ मीटर सरकलं की त्याचा जवळजवळ १८ टक्के भाग शेजारच्या मिळकतीवर जातो आणि ‘अतिक्रमण’ अशी नोंद होते, जी मुळात नाहीच. म्हणून नियंत्रणबिंदू (नकाशा जमिनीशी जुळवायच्या खुणा) नकाशाच्या चारी कोपऱ्यांत आणि मध्येही घ्या: रेल्वे फाटक, जुने चौक, विहिरी, देऊळ. नवीन इमारतींचे कोपरे घेऊ नका. आणि शंका आली तर नकाशाऐवजी झोन दाखला व भाग नकाशा काढून खात्री करा.

कागद मिळवताना कंपनीच्या फायलींना हात लावू नका. त्या ग्राहकाच्या आहेत आणि त्यांतली एक ओळही प्रबंधात आली तर तुमचं सगळं काम अडचणीत येईल. तुमची कंपनी जिथे योजना करते आहे, ते शहर अभ्यासाला घेऊच नका. मंजूर योजना आणि अहवाल सार्वजनिक असतात, उरलेलं माहिती अधिकारातून मिळवा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. “आरक्षणं का रखडली?” असं विचारलं तर उत्तर येणार नाही, कारण कायदा असलेली नोंद मिळवून देतो, कारणमीमांसा नाही. “आरक्षणनिहाय संपादनाच्या नस्तींची पाहणी करू द्यावी” असं मागा आणि स्वतः जाऊन बसा.

किती शहरं घ्यायची, ही गोष्ट गाइडच्या स्वभावाशी बांधलेली आहे. दोन लहान शहरं घेतली तर आरक्षणं मोजकी मिळतील. तिथे फाइल वाचून प्रत्येकाची कहाणी लावायची आणि तुलना करायची, हीच पद्धत योग्य. पाच-सहा शहरांत मिळून दोनशे-तीनशे ओळी जमल्या तरच सर्व्हायव्हल ॲनालिसिससारखं (एखादी गोष्ट घडायला किती काळ लागतो ते मोजणारं) तंत्र पेलतं. ढोबळ हिशेब म्हणून, तपासायच्या प्रत्येक घटकामागे प्रत्यक्ष मिळालेली किमान दहा-पंधरा आरक्षणं हवीत. तंत्रावर भर देणारे गाइड तुम्हाला थोड्या ओळींवर मोठं मॉडेल चालवायला सांगतील. तसं करू नका. अंतिम परीक्षेत परीक्षक नेमकं तेच विचारतात.

मेल छोटा असू द्या, दीडशे-दोनशे शब्दांचा, सोबत एक पानाचं टिपण. टिपणात प्रश्न एका वाक्यात, शहरं, हाती असलेले कागद, पद्धत. मेलमध्ये त्यांच्या एका लेखाचा किंवा त्यांच्याखाली झालेल्या एका प्रबंधाचा नेमका उल्लेख आणि तुमचा प्रश्न तिथून पुढे कुठे जातो, ते दोन वाक्यांत. “आपल्या रिसर्च इंटरेस्टशी माझा विषय जुळतो” हे वाक्य काढून टाका, ते सगळेच लिहितात. बाराजणांना एकच मेल पाठवू नका. एका विभागातले प्राध्यापक एकमेकांशी बोलतात. दहा-बारा दिवस थांबून एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको. प्रवेशाची जाहिरात येण्याच्या दोन-तीन महिने आधी लिहिलंत तर वाचायला त्यांना वेळ असतो.

गाइडशी बोलणं झाल्यावर, त्यांच्या परवानगीने, चालू विद्यार्थ्यांशी बोला. प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी परत येतं? सल्लागार समितीची बैठक दर सत्राला खरंच होते का? लेखात पहिलं नाव कोणाचं? स्टुडिओचा किती भार तुमच्यावर येतो? थोडा स्टुडिओ घ्यायला मिळाला तर चांगलंच, पुढे शिकवायचं असेल तर तो अनुभव लागतो. पण आठवड्यातले चार दिवस त्यात जात असतील तर फाइली कधी बघणार?

नोकरीचं असं: यूजीसीच्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला वाव आहे, मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मात्र किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क त्यांनाही करावा लागतो आणि नगरपरिषदेची दप्तरं कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेतच उघडी असतात. पूर्णवेळ केलीत आणि केंद्रीय संस्थेची फेलोशिप मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनचे दर पहिल्या दोन वर्षांना महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहेत, घरभाडं वेगळं. माझं मत विचाराल तर कोर्सवर्क आणि दप्तर पाहणीची पहिली दोन वर्षं पूर्णवेळ द्या. तेवढं जमणार नसेल तर शहरं दोनच घ्या, त्यातलं एक कराडहून सकाळी निघून दहाला कार्यालयात पोहोचता येईल असं असू द्या, आणि रजेचा हिशेब गाइडला पहिल्याच भेटीत सांगा.